पाठ माझी, भाषण तिचं

बुधवारा चौकातल्या सभेत तिनं माझा पदर ओढला. विचारलं नाही, सांगितलं नाही. मला लोकांकडे पाठ करून उभं केलं, ब्लाउज मागून खाली खेचलं आणि माइकमध्ये म्हणाली, "बघा, हे बघा." समोर मोबाइल वर झाले. वळ अजून सुकले नव्हते. चिकटलेलं कापड कातडीसकट निघालं. मी दात आवळले. लोक टाळ्या वाजवत होते.

ते वळ तिच्याच बापानं उठवलेले. जसोंडीला त्यांची केळीची बाग. आम्ही घड वाहणाऱ्या बाया बांधावर भाकरी खात होतो. मालक आला की आमच्या वस्तीच्या बाईनं उभं राहायचं, घास तोंडात असला तरी. त्या दिवशी सगळ्या उठल्या. मी नाही उठले. खांदे भरून आले होते, भूक लागली होती, आणि खरं सांगते, वीट आला होता.

"तुले पाय नाही का?" तो म्हणाला. मग जातीवरून शिवी. मग ठिबकची नळी, काढून बांधावर टाकलेली. मी केळीचं खोड धरून होते. तो थकेपर्यंत मारत राहिला. पंपाच्या खोलीपाशी त्याची पोरगी उभी होती. इंदूरला शिकलेली. तिनं सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली. रडली. आमच्यात बसून जेवली. आमच्या मजूर बायांच्या संघटनेत येऊन आमच्यापेक्षा मोठ्यानं घोषणा द्यायला लागली. मालकाची पोरगी आपल्या बाजूनं, अजून काय पाहिजे, असं बाया म्हणायच्या. मलाही बरं वाटायचं. कशाला खोटं बोलू.

सभा संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं. सोमवारी पोलीस ठाण्यात जबाब होते. बाकीच्या बायांना मालकानं दम भरला होता, त्या फिरल्या होत्या. उरली ती एकटी. ती बोलली नाही तर तो सुटणार होता. मी म्हटलं, ताई, इथं बोललात ते तिथं बोला.

ती खाली बघायला लागली. मग हळूहळू खरं कारण निघालं. बापानं सगळी जमीन भावाच्या नावावर केली होती. तिला बापाची गावात बेअब्रू करायची होती. "पण ठाण्यात नाही. समझ ना. पप्पा मला घरातून काढतील."

बापावर उगारायला तिला काठी हवी होती. ती काठी म्हणजे मी.

तिनं माझा पदर सारखा करायला हात पुढे केला. मी तिचं मनगट धरलं आणि पिरगळलं. ती कळवळली. हाड मोडावं असं वाटलं, आणि तसं वाटल्याची मला आजही लाज नाही.

"शरमेनं ये, नाही तर बापावरच्या रागानं ये," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला अगं-तुगं केलं. "मले चालते. पण सोमवारी ठाण्यात येजो. नाही आली तर माह्या अंगाले हात लावू नको."

ती आली नाही. मालक संध्याकाळी ठाण्यातून गाडीत बसून घरी गेला.

पुढच्या सभेला ती पुन्हा आली. मी तिच्या हातातून माइक हिसकावला आणि तिला मंडपाबाहेर काढलं. आता मोठ्या घरातलं कुणी आमच्याकडे आलं की का आलास हे मी विचारत नाही. मी विचारते, तुझ्या घरातल्या कुणाविरुद्ध साक्ष देशील, त्याचं नाव सांग. लोक चहा अर्धा टाकून उठतात. उठू देत. माझ्या एकटीच्या जबाबावर का होईना, केस कोर्टात उभी आहे. साक्षीदार म्हणून माझं एकटीचं नाव आहे, आणि मालकाला आत टाकल्याशिवाय मी मागे हटणार नाही.