रत्नागिरीला लवकर काय पोचतं

रत्नागिरीला बहिणीला मुलगी झाल्याचा फोन आला आणि आईने सोलापूरच्या घरात फेऱ्या मारायला सुरुवात केली. घाटात तिला उलट्या होतात, म्हणून मी म्हणालो, "रेल्वेने जाऊ. पनवेलला गाडी बदलावी लागेल, पण पोट ढवळणार नाही."

"लवकर काय पोचतंय ते सांग की!"

मग सकाळची एसटी धरली. आंबा घाटात तिने दोनदा पिशवी तोंडाशी धरली आणि प्रत्येक वळणाला विचारलं, "अजून किती ऱ्हायलं?"

स्टँडवर उतरून मी शहर बसची चौकशी करेपर्यंत ती रिक्षात जाऊन बसलीसुद्धा. आम्ही बाहेरगावचे आहोत हे ओळखून रिक्षावाला म्हणाला, "वाटेत समुद्र दाखवतो, आजी."

"समुद्र कुटं पळून जातोय व्हय? आदी दवाखाना!"

दवाखान्यात तिने बहिणीच्या कपाळावरून हात फिरवला आणि बाळ मांडीवर घेतलं. दिवसभराच्या घाईने तिचे पाय अजून हलतच होते. आजी आपल्याला झोके देतेय असं बाळाला वाटलं असावं. ते लगेच झोपलं.