काकूंचा भात आणि दोन दुखणी

शिवणकामाच्या त्या कारखान्यात सगळे त्यांना काकू म्हणत. मालकही काकूच म्हणायचा. मशीनच्या रांगांमागे, कापडाच्या गठ्ठ्यांना खेटून त्यांचं स्वयंपाकघर होतं. दोन शेगड्या, एक लांबलचक ओटा आणि एक कुरकुरणारा फ्रिज. दुपारची घंटा झाली की सगळा कारखाना त्यांच्या हातचं जेवायचा. काकूंचा हात सढळ, आणि तोंड त्याहून सढळ. ताटात अन्न टाकलेलं दिसलं की त्या अशा काही बोलायच्या की पुढच्या वेळी माणूस ताट चाटूनपुसून ठेवायचा.

एका थंडीत बटणं लावणाऱ्या मुलीला उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसणारी आली नाही, मग इस्त्रीवाली, मग आणखी कोणी. रोज एखाददुसरं मशीन बंद. कुजबुज सुरू झाली. ती तोंडावर बोलून दाखवली काकूंच्याच नणंदेने. ती तिथेच कापड बेतायचं काम करायची.

"वहिनी, तुमच्या हातचंच काहीतरी बाधलंय सगळ्यांना," ती म्हणाली.

काकूंनी डबे रिकामे केले, पातेली घासघासून लख्ख केली. मालकाने स्वयंपाकघराला कुलूप लावलं. घरी बसल्या बसल्या त्यांचं मन त्यांना खात राहिलं, आपण एवढ्या माणसांना आजारी पाडलं म्हणून.

पण दुखणं थांबेना. कारखान्याची पायरीही न चढलेला नणंदेचा नवरा आडवा झाला, पाठोपाठ तान्ही नात. तेव्हा नणंद घाबरून पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी कोण कधी आजारी पडलं, कोणाला ताप होता, कोण कुठे जेवलं, सगळं विचारून घेतलं. मग त्यांनी समजावलं, की एका जेवणातून विषबाधा झाली असती तर ते खाणारी बरीचशी माणसं थोड्याफार अंतराने एकदमच पडली असती. इथे एकाचं दुसऱ्याला लागत चाललंय, ताप आहे, अंग मोडून येतंय. हा पोटाचा फ्लू दिसतोय, हातांवरून पसरतो. दर वेळी असं स्पष्ट कळतंच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पाणी घोट घोट पाजत राहा, बाळाला मात्र रोज दाखवायला आणा, लघवी कमी झाली तर लगेच या, असं बजावलं.

हात धुवायच्या बेसिनपाशी सगळ्यांचा मिळून एक टॉवेल असायचा. कुलूप निघालं त्या दिवशी काकूंनी आधी तो काढून टाकला आणि साबणाची नवी वडी ठेवली. नणंद आली. माफी वगैरे काही मागितली नाही, गुपचूप लसूण सोलायला बसली. काकूंनी तिच्यापुढे चहा ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात मोठी ऑर्डर आली. संध्याकाळी थांबणाऱ्यांसाठी काकूंनी जास्तीचा भात लावला, पण बरेच जण न जेवताच गेले. फ्रिज भरलेला होता. भाताचं पातेलं झाकण घालून रात्रभर ओट्यावरच राहिलं. सकाळी वास घेतला तर चांगला होता. काकूंनी तो गरम करून ताज्या भातात मिसळला.

दुपार कलली तशी एकेक बाई तोंड दाबून बेसिनकडे धावू लागली. बघता बघता निम्मा कारखाना रिकामा झाला. या वेळी काकूंवर कोणी बोट दाखवलं नाही. पुन्हा तीच साथ आली, असंच जो तो म्हणत होता. नणंद तर सगळ्यांत पुढे.

काकू मात्र रांगेरांगेतून फिरल्या. ज्यांनी नुसती पोळी खाल्ली होती ते ठणठणीत, मशीनवर बसलेले. भात खाणारे तेवढे आडवे, आणि ताप कोणालाच नाही. थोडा वेळ त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिल्या. मग उठून मालकाच्या खोलीकडे निघाल्या. नणंदेने वाटेत हात धरला.

"वहिनी, कोणी विचारलंय का तुम्हाला? गप्प बसा ना."

"डॉक्टरांना खरं कळायला नको का?" असं म्हणून काकूंनी हात सोडवून घेतला.

आत जाऊन त्यांनी सरळ सांगितलं, "साहेब, हा फ्लू नाही. कालचा शिळा भात मी आज वाढला. गरम केला की चालेल असं वाटलं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करून जात नाही. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी उठून बसले. म्हाताऱ्या वॉचमनच्या पोटात मात्र पाणीही टिकेना, त्याला दवाखान्यात सलाईन लावावी लागली. काकू त्याच्या उशाशी बसल्या. त्याची लेक आली आणि त्यांना नाही नाही ते बोलली. काकूंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. म्हातारा बरा होऊन घरी गेला.

मालक त्यांना काढायच्याच बेतात होता. पण बटणवाली आणि आणखी काही जणी जाऊन त्याच्याशी बोलल्या, आणि काही दिवसांनी काकूंना परत बोलावणं आलं. आता त्या बेताचाच भात लावतात. उरलाच तर लगेच पसरट ताटांत निववून फ्रिजमध्ये ठेवतात, त्यासाठी एक कप्पा मोकळाच असतो. काही जण अजूनही घरून डबा आणतात. काकू त्यांना आग्रह करत नाहीत. त्यांच्या डब्यांसाठी ओट्याची एक कड त्यांनी रिकामी करून दिली आहे.