शांती नको म्हणणारा गवंडी

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे का ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतात, तो ओळंबा. या गृहस्थाला दोरीची गरजच पडत नसे. एक डोळा मिटून नुसतं बघायचा आणि सांगायचा, "वरून अर्धं बोट बाहेर आलीय." आणि ती आलेली असायचीच.

पण ही नजर भिंतींवर थांबत नसे. टेबलावरची चादर, शेजाऱ्याच्या मिशा, सगळं त्याला कललेलं दिसे, आणि दिसलं की तोंडातून निघे. बायको होती तोवर ती मागून हळूच सदरा ओढून गप्प करायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगी नोकरीला परगावी. दोन खोल्यांत सदुसष्ट वर्षांचा ओळंबा आणि टिकटिक करणारं घड्याळ, एवढेच उरले.

रविवारी तो नेमाने चर्चला जाई. दाराजवळचा बाक ठरलेला. उपासनेच्या शेवटी पाळकबाई दोन्ही हात वर करून आशीर्वाद म्हणत, "प्रभू आपलं मुख तुमच्याकडे करो आणि तुम्हाला शांती देवो," पण तिथवर पोचायच्या आत बाक रिकामा झालेला असे. बाई नव्या होत्या, तरी महिन्याभरात त्यांच्या हे ध्यानात आलं.

चर्चच्या मागची भिंत पोटातून फुगली होती. ते काम त्यांनी ओळंब्यालाच दिलं आणि दुसऱ्या दिवशी चहाचे दोन कप घेऊन विटांच्या ढिगावर येऊन बसल्या.

"काका, आशीर्वादाच्या वेळी तुम्ही का पळता हो?"

"पळत नाही. निघतो."

"बरं, का निघता?"

थापी हवेतच थांबली. "बाई, तुम्ही दर रविवारी शांती वाटता. माझ्या घरी ती इतकी साचलीय, हवी तर पोतं भरून न्या. रेडिओ लावला तर तोसुद्धा दबकून बोलतो. आणखी शांती घेऊन मी करू काय?"

बाईंना इतकं हसू आलं की चहा हिंदकळला. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. त्यांनी कप खाली ठेवला.

"मूळ हिब्रूत तो शब्द शालोम आहे. आम्हाला शिकवणारे गुरुजी फार खवीस. शालोमच्या पुढे कुणी नुसतं 'शांती' लिहिलं की वही परत फेकायचे. म्हणायचे, आवाज बंद झाला म्हणजे शालोम आला असं कुणी सांगितलं? काही कमी नाही, काही तुटलेलं नाही, सगळं पुरं आहे, तो शालोम. बायबलमध्ये एका शहराची पडलेली भिंत लोक पुन्हा बांधतात. ती पुरी झाली, असं जिथे लिहिलंय ना, तिथलं क्रियापद याच धातूचं आहे."

"भिंतीला?" ओळंब्याने कान टवकारले.

"भिंतीला."

"किती दिवस लागले?"

"बावन्न."

"आणि माणसं?"

"खूप. एकेका घराने आपापल्या समोरचा तुकडा वाटून घेतला होता."

"मग जमेल," त्याने जाणकारासारखी मान हलवली. पण लगेच त्याचा चेहरा उतरला. "पुरं म्हणता बाई. माझी बायको गेली. ते कसं पुरं होणार?"

"ते मलाही माहीत नाही, काका. आशीर्वादात आपण 'देवो' म्हणतो. 'दिली' म्हणत नाही."

हे उत्तर त्याला आवडलं. बनवाबनवी नव्हती. "आणि त्याच्या आधीचं ते मुखाचं काय?"

"तिथे मुळात आहे, तोंड वर उचलणं. राग आला, मन खट्टू झालं की माणसाचं तोंड खाली पडतं. हिब्रूतही तसंच म्हणतात. देवाने तोंड वर उचलून आपल्याकडे बघावं, असं ते मागणं आहे."

त्या दुपारी ओळंब्याने तीन विटा वाकड्या बसवल्या आणि स्वतःच उचकटल्या.

कारण होतं धाकटा भाऊ. तोही गवंडी. अकरा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या हातांनी घर बांधलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. पन्नास माणसांत ओळंब्याने एक डोळा मिटला आणि जाहीर केलं, "खिडकी डावीकडे कललीय." तेव्हापासून अबोला. तीन गल्ल्यांचं अंतर, पण समोरासमोर आले की दोघंही आपापल्या चपला बघत निघून जात.

दुसऱ्या दिवशीचं काम आटोपल्यावर तो हातांचं सिमेंटही न धुता तिकडे गेला. दार भावजयीने उघडलं आणि ती घरात ओरडली, "अहो, बाहेर या! दादा आलेत!"

भाऊ आला. सवयीने दोघांच्या माना खाली. मग ओळंब्याने आपली वर केली. सोपं नव्हतं ते. मानेला जणू गंज चढला होता. भावाच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"अरे, तू म्हातारा झालास की!"

"आणि तू काय कोवळा राहिलायस, दादा?"

"ती खिडकी..."

"खिडकीचं नाव काढलंस तर दार लावीन."

"चारचौघांत बोलायला नको होतं मी. एवढंच सांगायला आलो."

भाऊ चौकटीला टेकला. "कललीच होती. पुढच्याच वर्षी काढून परत बसवली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला? मेलो तरी सांगितलं नसतं!"

भावजय हसता हसता डोळे पुसत आत गेली. भाऊ हळू आवाजात म्हणाला, "वहिनी गेली तेव्हा तुझ्यासमोर येऊन उभा राहिलो होतो. तू वर बघितलंच नाहीस."

"तुझ्या चपला दिसल्या होत्या," ओळंबा म्हणाला. "ओळखल्या मी."

भावाने त्याचा दंड धरला आणि त्याला घरात घेतलं.

सकाळी धाकटा स्वतःची थापी घेऊन चर्चच्या भिंतीशी हजर. चार दिवसांचं काम नऊ दिवस चाललं, कारण प्रत्येक थराला वाद. बाईंना खिडकी लावून प्रवचन लिहावं लागलं. रविवारी ओळंबा शेवटपर्यंत थांबला. शेजारची बायकोची जागा रिकामी होती आणि ती तशीच राहणार हे त्याला माहीत होतं. तरीही तो आमेन म्हणाला, जरा मोठ्यानेच.

हल्ली तो हार्डवेअरच्या दुकानात येईल त्याला हिब्रू शिकवतो. "शालोम म्हणजे गप्प बसणं नव्हे. एक अख्खी भिंत बांधली होती लोकांनी, चाळीस दिवसांत!"

"बावन्न," खिळे निवडता निवडता भाऊ म्हणतो.

"तू होतास का तिथे?"

"तू तरी होतास का?"

आणि दुकानदार कपाळाला हात लावतो.