हात गेला

घरात त्याला सगळे मळकटमामा म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. नोकरीत त्याने विमानं धुतली-पुसली. निवृत्त झाल्यावर वीतभर लांबीची विमानं बनवून ती मळवायला लागला.

"अहो, जन्मभर पुसलंत, आता डाग पाडत बसलात!" मामी म्हणते.

"डाग पाडायला अक्कल लागते. पत्रा कुठे घासतो, तेल कुठून गळतं, वारा ते कुठे नेतो…"

"माझ्या ओट्यावर नेतो."

या वेळचं विमान कॅप्टनसाहेबांसाठी होतं. ते जे विमान चालवायचे ते मामाच पुसायचा. आता ते कायमचे मुलीकडे निघाले होते, आणि जाताना आपलं विमान त्यांना सोबत हवं होतं. पण दोनदा त्यांनी ते हातात घेऊन परत ठेवलं. "सुंदर आहे, मिस्त्री. पण माझं नाही वाटत." का, ते त्यांनाही सांगता येईना. मामाला जेवण गोड लागेना. आज जाता जाता ते शेवटचं बघायला येणार होते.

सकाळी मामाने चंदेरी पंखावर, इंजिनाच्या मागे, तेलकट काळा रंग बारीक कुंचल्याने ओढला. इतका हुबेहूब ओघळ, की मामी "ई!" म्हणाली. मामा खूश. मान तिरकी करून त्याने बघितलं, खांद्यावरचं फडकं ओढलं आणि ओघळ सर्रकन पुसून टाकला.

"अहो! काय केलंत हे?"

"हात गेला गं," मामा रडवेला. "ओघळ दिसला, हात गेला!"

पंखावर नुसता धुरकट फराटा उरला. तेवढ्यात बेल वाजली.

"साहेब, ते जरा बिघडलंय…"

"थांब." कॅप्टननी विमान खिडकीपाशी नेलं. पंख उजेडात तिरका धरला. मग हसायला लागले. "हेच ते! रोज शिडीपाशी उभा राहून हेच बघायचो मी. तू घासून घासून पुसायचास, आणि हा फराटा राहायचाच. पहिल्यांदा दाखवलंस ते कोरं होतं, दुसऱ्यांदा गलिच्छ. अरे, तुझं फडकं फिरल्याशिवाय माझं विमान उडालंय कधी?"

मामा मटकन खुर्चीत बसला. "अगं, वाढतेस का काहीतरी? सपाटून भूक लागलीय."

कॅप्टन विमान स्वेटरमध्ये गुंडाळत होते. त्यांच्या बोटाचा ठसा शेपटीवर उमटला. मामाचा हात खांद्याकडे गेला.

फडकं मामीने केव्हाच काढून घेतलं होतं.