कौशल्याबाईंनी चेनची खांदमळणी केली, त्याची गोष्ट

नांदगाव खंडेश्वरात बॅटरीच्या सायकलचा विषय निघाला, की लोक कौशल्याबाईंचं नाव घेतात. आणि बाईही ते ताठ मानेनं ऐकून घेतात. उगाच 'छे, आपलं काय एवढं' असलं सोंग त्यांना जमत नाही, आणि का जमावं?

खरं तर ती सायकल आली होती त्यांच्या नवऱ्यासाठी, खुशालरावांसाठी. पोरगा किशोर पुण्याला नोकरीला. बाप पांदणीच्या रस्त्यानं वावरात पायी जातो आणि गुडघे धरून परत येतो, म्हणून त्यानं ही जाड चाकांची, मोटर बसवलेली डोंगरी सायकल आणून दिली. खुशालराव एकदा बसले, काळ्या मातीच्या गाऱ्यात आडवे झाले आणि उठून निकाल देऊन मोकळे झाले, "थे काई आपल्या कामाची नाई." सायकल गोठ्यात गेली, वर बारदाना पडला. गोठा रिकामाच होता. बैलजोडी विकली होती आणि शेतीला भाड्याचा ट्रॅक्टर येत होता.

आता ही बाई माहेरी असताना शाळेत सायकलनं जायची आणि वाटेत पोरांना मागे टाकायची. लग्न झालं आणि कुठंही जायचं तर कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून. दवाखाना असो की बहिणीचं गाव, आधी गाडीवाल्याची मर्जी पाहायची. एक दिवस त्यांनी बारदाना बाजूला फेकला, पदर खोचला आणि बसल्या. पायडल मारलं की मोटर मागून जोर लावते हे पाहिल्यावर बाईंना काय आनंद झाला म्हणता! "आता कोनाले 'नेऊन देता का' म्हनाचं काम नाई," असं त्या दिसेल त्याला सांगत सुटल्या. गावानं आधी नाक मुरडलं, मग हसून घेतलं आणि शेवटी सवय करून घेतली.

पण चुका झाल्या. बाई कायम मागच्या सगळ्यात लहान चकतीवर, म्हणजे सगळ्यात जड गिअरात, सायकल ठेवायच्या. "मोटर हाये ना, मंग गिअर कायले पाडाचे?" हे त्यांचं म्हणणं. चढ असो, चिखल असो, सगळा जोर त्या एवढ्याशा दात्यांवर. हे कमी होतं म्हणून पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं बैलांची खांदमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना कोमट पाण्यानं शेकून तूप-हळद चोळतात. गोठ्यात बैल नव्हते, पण घरासाठी राबणारं कोणीतरी उभं होतंच की! आणि सायकलीत ओढते कोण? चेन. म्हणून बाईंनी घरचं तूप आणि हळद घेतली आणि चेनला मनापासून चोळली, एकही कडी सोडली नाही.

घ्या! त्या तुपाला पांदणीची काळी माती अशी चिकटली, की चेन स्वतःलाच दळायला लागली. दिवाळी झाली आणि जोर दिला की 'खटाक्' करून चेन दात्यांवरून उडायची. मग एक दिवस वावराच्या वाटेवर ती तुटलीच. बाई सायकल ढकलत घरी आल्या तेव्हा खुशालराव ओट्यावरच बसले होते.

"मी सांगतलंच होतं. नत्थुजीचा विपुल मांगून राह्यला, देऊन टाकतो त्याले."

 सायकल गेली तर पुन्हा तेच मागे बसणं.  दुसऱ्या दिवशी बाईंनी ओळखीच्या टेम्पोत सायकल टाकली आणि अमरावतीला दीक्षाच्या दुकानात नेली. दीक्षा म्हणजे मोतीराम सायकलवाल्यांची मुलगी. बाप पंक्चर काढायचा, तिनं बॅटरीच्या सायकली शिकून घेतल्या.

"काकू, हे पिवळं काय हाय?"

"हयद. अन् तूप. घरचं हाय, भेसय नाई."

दीक्षा हसून हसून खाली बसली. बाईही हसल्या, करणार काय! हसणं झाल्यावर तिनं मागच्या चाकावरची दातेरी चकत्यांची उतरंड काढून दाखवली. तिला कॅसेट म्हणतात. लहान चकत्यांचे दाते झिजून टोकदार झाले होते. "नुसती चेन बदलून भागत नाई. झिजल्या दात्यावर नवी चेन घसरते, दोन्ही बदला लागते. मोटर म्हंजे तुमच्यासंगं आनखी एक गडी जोर लावून राह्यला. म्हनून चढाच्या आधी गिअर पाडाचा, पाडताना पाय ढिला सोडाचा. चेन सुक्या फडक्यानं पुसाची, तेल थेंबभर टाकाचं, वरचं पुसून घ्याचं. लाड पुरे!"

हिवाळ्यात दीक्षाच्या दुकानातली सायकलवाली मंडळी चिखलदऱ्याचा घाट सायकलनं चढणार होती. बाई चेन-कॅसेट बदलून घरी आल्या त्या हे ठरवूनच.

"घाट चढून दाखवते. चेन तुटली, त सायकल विपुलची. नाई तुटली, त देऊन टाकाचं नाव पुन्हा काढाचं नाई."

"कबूल," खुशालराव म्हणाले. घाट काय चीज आहे हे त्यांना माहीत होतं.

त्या दिवशी ते स्वतः आले. मागून येणाऱ्या छोट्या टेम्पोत बसले आणि सोबत दोर घेतला, बायकोची मोडकी सायकल बांधून न्यायला! पायथ्याचं धामणगाव गढी मागे पडलं आणि चढ लागला. बॅटरीवाली पोरं मोटर फुल करून भन्नाट पुढे गेली. बाई आपल्या वळणाच्या आधीच गिअर पाडत, पाय ढिला सोडत, शांतपणे चढत राहिल्या. थोड्या वेळानं एका पोराची चेन तुटली. खुशालरावांचा दोर त्याच्या सायकलीला लागला.

मग एका उभ्या वळणावर समोरून बस आली आणि बाईंना गच्चकन थांबावं लागलं. गिअर पाडायला सवड मिळालीच नाही. सायकल जड गिअरात आणि पुढे भिंतीसारखा चढ. "मोटर फुल करा काकू!" मागून कोणीतरी ओरडलं. फुल केली असती तर सगळा जोर एकदम चेनवर आला असता. खुशालराव गाडीतून उतरून धावत आले.

"हात नोका लावू! पैज माही हाय," बाई ओरडल्या.

बाईंनी खाली उतरून मोटर बंद केली. एका हातानं सीट धरून मागचं चाक उचललं. कपाशीच्या पऱ्हाटीचे भारे उचललेला हात तो. दुसऱ्या हातानं गिअर पाडला आणि पायडल फिरवलं. चेन टकटक करत मोठ्या चकतीवर चढली. मग बसल्या, मोटर अगदी कमी ठेवली आणि निघाल्या. खुशालराव वळणावर उभे राहून पाहतच राहिले.

वर पोचल्यावर लोक टाळ्या वाजवत होते, आणि सगळ्यात मोठा आवाज खुशालरावांचा होता. ज्याला त्याला थांबवून सांगत होते, "थे माही बायको हाय. नांदगावची!" छाती अशी फुगली होती, की घाट जणू त्यांनीच चढला. बाईंनी ऐकलं, पाणी प्यायल्या आणि आधी चेन पुसायला घेतली.

पुन्हा पोळा आला. खांदमळणीच्या संध्याकाळी खुशालराव तूप-हळदीची वाटी घेऊन गोठ्याकडं निघाले, तशा बाई स्वयंपाकघरातून धावल्या.

"अवो, चेनले नोका लावू!"

"मले समजते व."

त्यांनी आधी चेन सुक्या फडक्यानं पुसली. मग हँडलच्या दोन्ही टोकांना, जिथं बाईंचे हात असतात तिथं, हळद लावली. हात जोडले आणि जे दरवर्षी बैलांना म्हणायचे, ते म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग वाटी खाली ठेवली. बाईंकडं न पाहता म्हणाले, "तुलेबी हाय आवतन. उद्या चुलीपाशी मी जातो."

 कौशल्याबाईंचे डोळे भरून आले होते. पदरानं तोंड पुसून त्या एवढंच म्हणाल्या, "घेतलं."