गुलाबरावांची टकटक

गुलाबरावांनी पहिल्या भेटीतच माझ्या डोक्यावर टकटक केलं. डोक्यावर हेल्मेट होतं हे खरं, पण हेल्मेटात मी होते! कान लावून ते म्हणाले, "हेल्मेट मजबूत हाय पोरी. आतलं पोकळ वाटते. अमरावतीची काय?" होतेच मी अमरावतीची. असा राग आला म्हणून सांगू!

गुलाबराव अकोल्याच्या एमआयडीसीत ऑटोचे सायलेन्सर बनवत. बोटाच्या पेरानं वाजवल्याशिवाय त्यांचा कशावरच भरवसा बसत नसे. टरबूज, माठ, दार, एकदा तर पुतणीला बघायला आलेल्या नवरदेवाची सुटकेससुद्धा. आणि मी लहान कारखान्यांना विजेच्या गाड्यांच्या कामाकडे वळवणाऱ्या केंद्रातून आलेली. त्यांना सांगायचं काय, तर या गाडीला सायलेन्सरच नसतो.

"बिनआवाजाची गाडी? म्हंजे बिनफोडणीचं वरण!" असं म्हणत ते आमच्या ई-रिक्षात बसले. "चालू काहून होऊन नाई राहिली?" म्हणत त्यांनी हँडलची मूठ पिळली. गाडी केव्हाच चालू होती. गेली थेट समोरच्या भाजीवाल्या कमलाबाईंच्या मेथीच्या ढिगात! कमलाबाई ओरडल्या, "जलमभर फटफट करत येत होता, अन् आज मुक्यानं आला का रे, मेल्या!"

शेवटी ते बॅटरीच्या पेट्या बनवायला तयार झाले. सायलेन्सरच्या ऑर्डरी आटत चालल्या होत्या. नमुना नापास झाला तर कारखान्याला कुलूप, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गाड्यांच्या कंपनीचे साहेब आले, नमुन्याच्या तिन्ही पेट्या मोजून पाहिल्या, सहीसाठी पेन काढलं. मी अंबादेवीला नारळ बोलले. तेवढ्यात टकटक!

"थांबा साहेब. तिसरी फुटकी हाय."

मी चिमटाच काढला. "अहो, पास झालीय ती!"

"कागदावर झाली असन. माह्या कानात नाई झाली." त्यांनी पेटी हौदात दाबली. कोपऱ्यातून बुडबुडे! "पावसात बॅटरीत पानी गेलं तं ऑटोवाल्यानं काय करावं, साहेब?"

साहेबांनी पेन मिटलं. संपलं सगळं! मला रडूच फुटणार होतं. पण साहेब हळूच म्हणाले, "गाडीत दुसऱ्या एका कारखान्याच्या पास झालेल्या पेट्या आहेत. त्याही जरा वाजवता का?"

त्यातल्या दोन फुटक्या निघाल्या. ऑर्डर गुलाबरावांना मिळाली.

गेल्या महिन्यात माझी बदली झाली. निरोप घेऊन हेल्मेट घातलं, तोच टकटक. बराच वेळ कान लावून ते म्हणाले, "आता भरलेलं वाटते पोरी." मग काचेतून आत डोकावले. "पन कोपऱ्यातून गळून राहिलं."