चहापानापर्यंत थांबवलेला निरोप

मुंबईच्या टेस्टच्या दिवशी भाभी निरोप घेऊन वेळेवर आली होती. तो निरोप मी दाबून ठेवला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्यासाठी निरोप होता त्या मित्राला तर नाहीच. त्या मालिकेच्या गप्पा निघाल्या की मी पानपट्टीकडे जायचं निमित्त काढतो. लोकांना वाटतं याला क्रिकेटमधलं गम्य नाही. एके काळी माझ्याइतका वेडा अंबरनाथात दुसरा नव्हता.

मी तेव्हा अंबरनाथला एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून होतो, राहायला बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा मित्र सिंधी होता, फाळणीनंतर कराचीहून आलेला. उल्हासनगर हे नाव अजून कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं, आम्ही नुसतं कॅम्प म्हणायचो. लष्कराच्या जुन्या बराकीत गोणपाटाचे पडदे लावून एकामागे एक घरं केली होती, त्यातल्या एका घरात तो, आई, वडील, थोरला भाऊ आणि भावजय. भाऊ सकाळीच मुंबईच्या कापडबाजारात जायचा. भावजयीला तो भाभी म्हणे, म्हणून मीही भाभीच म्हणायचो.

त्याचे वडील कराचीत शाळेत इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी पोरांना क्रिकेट. इकडे आल्यावर त्यांना दम लागायचा, छातीत दुखायचं, बहुतेक वेळ खाटेवरच. मॅच असली की मुलानं घरी येऊन ती पहिल्यापासून सांगायची, असा शिरस्ता होता. कोण कसा आऊट झाला, बॉल किती वळला, सगळं. पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा टेस्ट खेळायला आपल्याकडे आला तेव्हा म्हातारे पेपरातली त्यांची नावं पुन्हा पुन्हा वाचत. आपल्या मैदानावरचं एखादं पोरगं त्यात आहे का, हे बघत.

मी एकदा मित्राला विचारलं, "तुझा बाप नक्की कुणाच्या बाजूनं?"

"बाप बोलतो, जिंकायचं आपण. पण त्यांच्या पोरांनी पण चांगलं खेळायला पाहिजे."

"म्हणजे दोन्हीकडून."

"अरे, मास्तर आहे ना. मास्तरला सगळी पोरं पास व्हायला पाहिजे असतात."

आम्ही कॉमेंटरी ऐकायला जमायचो हेडक्लार्कच्या क्वार्टरवर, शिवमंदिराच्या रस्त्याला. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. आसपास रेडिओ त्यांच्याकडेच. कॉमेंटरी इंग्रजीत, त्यात खरखर, त्यामुळे सगळ्यांना ती समजायची नाही. माझा मित्र सेटला कान लावून बसायचा आणि आम्हाला त्याच्या हिंदीमिश्रित मराठीत सांगायचा. तो बोलल्याशिवाय खोलीत कुणाला काही कळत नसे.

आणि आमचा एक नियम होता. आपली जोडी जमली की कुणी जागा सोडायची नाही. ज्याची पाठ भिंतीला असेल त्यानं तशीच ठेवायची, ज्याचा पाय मुडपलेला असेल त्यानं तो मुडपलेलाच ठेवायचा. विकेट पडली किंवा लंच, चहापान झालं की मोकळीक. हसण्यावारी सुरू झालेलं, पण आम्ही ते पाळायचो, आणि ते पाळलं जातंय की नाही हे बघणारा मी. माझी जागा उंबऱ्याशी. आत येणारा, बाहेर जाणारा माझ्या नजरेखालून जायचा. आमच्यातला एक फिटर मला हवालदार म्हणायचा. एकदा तो बिचारा लघवी धरून तासभर बसला होता. "हवालदार, सोडा हो, भाऊसाहेबांच्या सतरंजीचं नुकसान होईल," म्हणाला, तरी मी सोडला नाही. लोक पोट धरून हसले होते.

दिल्लीची टेस्ट आपण जिंकली. लखनौला हरलो, तेही डावानं. त्या मॅचला आपली जोडी जरा टिकत होती तेव्हा माझा मित्र पाणी प्यायला उठला, आणि परत येऊन कान लावतो तर विकेट. मग रांगच लागली. त्या संध्याकाळी सगळे चिडलेले. मी गंमत म्हणून, पण पूर्ण गंमत म्हणूनही नाही, त्याला म्हणालो, "मुद्दाम उठलास काय रे? गावच्या लोकांना मदत?"

फिटर हसला. भाऊसाहेब म्हणाले, "असं बोलू नये." मित्रही हसला, पण चप्पल पायात घालताना त्याचं लक्ष नव्हतं, उजवी डाव्या पायात चढवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो मला म्हणाला, "मी कराचीहून आलो, तर काय मी त्यांचा झालो? घर सोडून आलो ना यार." मी म्हटलं, सोड रे, चेष्टा होती. त्यानं सोडलं असेल असं मी धरून चाललो.

मग मुंबईची टेस्ट आली. आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असायची, तेव्हा सकाळपासून सगळे हजर. मित्र सर्वांआधी येऊन बसला होता, सोबत पाण्याचा तांब्या घेऊन. "आज मला उठवून दाखवा," म्हणाला. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं. आज वाटतं, माझ्या त्या एका वाक्यानं त्याला तो तांब्या उचलायला लावला होता.

जेवणानंतर आपली जोडी जमली. चांगलीच जमली. तो सांगत होता, "मिडऑफच्या बाजूनं चौका. मस्त मारला." पुन्हा कान लावून, "थांबा, थांबा, अपील... नाही, वाचला." खोलीत कुणी हलत नव्हतं. फिटरचा एक हात अर्धवट वर होता तो त्यानं तसाच ठेवला होता.

तेव्हा अंगणात भाभी दिसली. डोक्यावरचा पदर घसरलेला, धापा टाकत होती. कॅम्पापासून ती चालत, बहुधा पळत आली होती. आत पुरुषांची दाटी बघून ती पायरीपाशीच थांबली आणि मला खुणेनं बोलावलं. मी उंबऱ्यावर होतो. नियमाप्रमाणे मीही उठायचं नव्हतं, म्हणून मी बसल्या बसल्या बाहेर झुकलो. हेही मला नीट आठवतं. मी उठलो नाही.

ती हळू आवाजात म्हणाली, "भैया, बाबा की हालत ठीक नहीं है. बहुत पसीना आ रहा है. देवरजी को भेज दो, जल्दी. बाबा नाम ले रहे हैं."

मी म्हणालो, "आप जाइए भाभी, मैं अभी भेजता हूँ."

"अभी हाँ भैया?"

"हाँ हाँ, अभी."

घरी म्हाताऱ्यांजवळ फक्त सासू होती, म्हणून ती लगेच उलटी फिरली. माझ्या शब्दावर विसंबून गेली. मी तिला नदीच्या बाजूला वळताना पाहिलं, मग मान आत केली. फिटरनं डोळ्यांनी विचारलं, कोण? मी मान हलवली, कुणी नाही.

मी काय विचार केला ते लिहितो. म्हाताऱ्यांना असं महिन्यातून एखाद दोनदा व्हायचं. चहापानाला तासभरच उरला होता. मित्र उठला तर जोडी फुटेल, आणि फुटली तर लखनौसारखं सगळे त्याच्यावर येतील. म्हणजे मी त्याचंच भलं बघतोय, असं मी स्वतःला पटवलं. खरं एवढंच की मला ती जोडी हवी होती. माझ्यापुढं एका माणसाचा बाप आणि रेडिओतला स्कोअर होता, आणि मी स्कोअर निवडला. मधे दोनदा मी मित्राकडे पाहिलं. तो सेटला चिकटून बसला होता, डोळे मिटून, आणि हसत होता.

चहापान झालं. जोडी नाबाद. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाय झटकले. भाऊसाहेबांच्या बायकोनं, वहिनींनी, चहाचा ट्रे आणला. मी मित्राजवळ गेलो आणि म्हणालो, "अरे, भाभी येऊन गेली. बाबांना बरं नाही. जा जरा."

"कधी आली?"

"आत्ताच."

त्यानं बशी खाली ठेवली. मी माझी सायकल काढली, त्याला पुढं दांडीवर बसवलं आणि कॅम्पाकडं निघालो. वाटेत तो मला म्हणाला, "आज बापाला सांगायला मजा येणार. त्याला बोलतो, उठ, एवढी मोठी पार्टनरशिप झाली, झोपून काय ऐकतो." मी पायडल मारत राहिलो.

बराकीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. त्यांनी वाट दिली त्या रीतीवरूनच कळलं. म्हातारे गेले होते. फार वेळ झाला नव्हता. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं, शेवटपर्यंत दाराकडं बघत होते, मुलगा आला का विचारत होते, आणि हेही विचारत होते की स्कोअर काय झाला.

मित्र खाटेशी बसला. भाभी पडद्याजवळ उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी काहीतरी सांगेन, अशी वाट बघत असल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा बराकीसमोर सतरंजी टाकून पुरुष बसले होते. मित्र, त्याचा थोरला भाऊ, नात्यातले दोघे. भाऊ मला म्हणाला, "बैठो साईं." मग जरा वेळानं, "एक बात बताओ. मेरी घरवाली तुम्हारे पास कब पहुँची थी?"

आत पडद्यामागं बायका होत्या. तिथलं बोलणं थांबलं.

त्यांचा हिशेब असा होता: भाभी दुपारी जेवणानंतर लगेच निघाली, मित्र आला चहापान उलटल्यावर. मधला वेळ ती कुठं होती? घरात घड्याळ नव्हतं, आणि ती आमच्या जरा आधी परतली एवढंच सासूला त्या धावपळीतलं आठवत होतं. भाभीला बोलायची हौस होती. बाजारात कुणी भेटलं की ती उभी राहायची, हे सगळ्या बराकीला ठाऊक होतं. सासूनं तेच धरलं होतं. भाभी म्हणत होती, मी सरळ गेले आणि सरळ आले, दारातल्या भैयाला सांगितलं.

मी म्हणालो, "चाय के टाइम आई थी. मैंने तुरंत बोल दिया."

भावानं मान खाली घातली. मित्र म्हणाला, "मैंने बोला था ना, चाय के टाइम आई." पडद्यामागून सासूचा आवाज आला, सिंधीत, काय म्हणाली ते मला कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. भाभीचा आवाज आला नाही. मी थांबलो होतो, ती बाहेर येऊन मला खोटं पाडेल म्हणून. आली असती तर मी कबूल झालो असतो, असं मी पुष्कळ वर्षं मानत आलो. आता तसंही मानत नाही.

ती मालिका आपण जिंकली. पेढे वाटले गेले, मीही एक खाल्ला.

त्यानंतर मित्र भाभीशी बोलला नाही. तिच्या हातचं जेवायचाही नाही. आई वाढायची, आई नसेल तर उपाशी यायचा आणि ऑफिसात माझ्या डब्यातलं खायचा. पुढं त्याचं लग्न झालं, त्यात भाभीला कुठल्याच विधीत पुढं घेतलं नाही. ती मागं पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती. नवरा तिला टाकून बोलायचा नाही, पण दर वर्षी वडिलांच्या तिथीला घरात जी शांतता पसरायची ती तिच्यावर रोखलेली असायची, असं मित्रच मला सांगे, आणि हे सांगताना मला तो आपला माणूस समजायचा. मी त्या दिवशी त्याला सायकलवरून पोचवलं, याबद्दल तो अजून माझे आभार मानतो.

मी कितीदा ठरवलं. एकदा त्याच्या घरापर्यंत जाऊन आलो. पण बोललो तर लखनौपासून सांगावं लागलं असतं, आणि तो मला माफ करेल की नाही, याचीच मला चिंता. भाभीचं काय होतंय, हा विचार माझ्या मनात दुसऱ्या नंबरवर यायचा. हे लिहितानाच मला ते दिसलं.

मध्यंतरी शहाडला स्टेशनाबाहेर ती भेटली. केस पांढरे झालेले, हातात भाजीची पिशवी. मी तोंड फिरवणार तोच तिनं हाक मारली.

"भैया, कैसे हो? घर में सब ठीक?"

"ठीक है भाभी."

"बच्चे बड़े हो गए होंगे."

"हाँ."

ती जरा थांबली. मलाच काही बोलायचं असेल, म्हणून थांबली असावी. मग म्हणाली, "अच्छा, चलती हूँ," आणि कॅम्पाच्या रस्त्याला लागली. बाजारात कुणाशी बोलायला उभी राहिली नाही. मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो, म्हणून मला माहीत आहे.

तिचा नवरा हयात आहे, दीर म्हणजे माझा मित्रही, आणि तीही. तिनं निरोप वेळेवर आणला होता आणि तो मी दाबला, हे त्या दोघांसमोर, ती ऐकत असताना, माझ्या तोंडानं सांगणं मी तिला देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.